मागच्या सीटवरची दिडकी

आमची गाडी लांबच्या शर्यतीत दुसरी आली, हे नागपूरला सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या गाडीत मागे मी बसले होते, हे घराबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि मला ते तसंच बरं वाटायचं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा गळा आटतो. लिहिताना तसं होत नाही.

गाडी आधी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची होती. त्यांनी ती पुष्कळ वर्षं वापरली आणि मग आमच्या घरी आली. पांढरी होती असं म्हणायचं. घरी आली तेव्हा तिचा रंग धुतलेल्या पोत्यासारखा झाला होता. माझे मालक आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, दोघे मिळून मोटारी दुरुस्त करत. पुढे टिनाचं शेड आणि मागे घर. घरात भासरे, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. जाऊबाईंना मूल नव्हतं, त्यामुळे मुलगी आम्हा दोघींची होती. गाडीही अशीच सगळ्यांची होती. सकाळी ती मुलीला शाळेत सोडायची, दुपारी इंजिनाचे भाग वाहायची, लग्नसराईत गल्लीतल्या नवऱ्या मुली तिच्यातून सासरी जायच्या. एकदा शेजाऱ्यांची शेळी आजारी पडली तर तीही मागच्या सीटवर बसून गुरांच्या दवाखान्यात गेली होती. मागच्या दोन काचांना मिळून एकच फिरवायचा दांडा होता. तो पुढच्या खणात ठेवलेला असे. ज्याला हवा पाहिजे त्याने मागायचा.

मुलगी जन्मली त्या वर्षी जॅक सरकला आणि भासऱ्यांचा डावा पाय गुडघ्याखाली चेंगरला. पाय राहिला, पण क्लच दाबायची ताकद गेली. त्याआधी ते गाडी अशी चालवत की मागे बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नसे, असं मालक सांगायचे. नंतर ते गाडीच्या डाव्या बाजूलाच बसले. कधी कुरकुर ऐकली नाही. फक्त गाडी वळणावर आली की त्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मागून ते मला दिसायचं.

शहरातल्या मोटारवाल्या साहेब लोकांची एक मंडळी होती. ते दर वर्षी तीन दिवसांची शर्यत ठेवत. ती जोरात पळवायची शर्यत नव्हती. निघताना हातात कागद द्यायचे. इथून इथपर्यंत ताशी चाळीसने जा, मग तिथपर्यंत अठ्ठेचाळीसने, घाटात चोवीसने. वाटेत कुठेतरी झाडाखाली मंडळीतली माणसं घड्याळ घेऊन लपून बसलेली असत. एक मिनिट उशीर झाला तर एक गुण कापायचे, आणि एक मिनिट लवकर पोचलं तर दोन. ज्याचे सगळ्यात कमी गुण कापले जातील तो पहिला. म्हणजे सगळा खेळ वेळेचा.

भासरे दर वर्षी त्या साहेबांच्या गाड्या तयार करून द्यायचे आणि गाड्या सुटताना कडेला उभे राहून बघायचे. एका वर्षी ते एका साहेबांना म्हणाले, "साहेब, पुढच्या खेपेले आमची गाडी लावून पाहू का?" साहेब हसले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी तुम्ही फर्स्टक्लास बनवता. पण हे तासा-मिनिटांचं गणित आहे. पान्याने नाही सुटत."

साहेब वाईट मनाचे नव्हते. बोलून विसरूनही गेले असतील. भासरे विसरले नाहीत. घरी येऊन त्यांनी हात धुतले, जेवले, आणि वर्षभर त्यावर एक शब्द काढला नाही. पण दिवाळी झाली तसे ते रोज काम आटोपल्यावर वही घेऊन बसू लागले. सातवी शिकले होते. इतक्या वेगाने इतके किलोमीटर तर किती मिनिटं, असे तक्ते त्यांनी पट्टीने रेघा मारून केले. मालक म्हणायचे, "दादा, गाडी तर मी चालवून घेईन. हे तुलेच सांभाळा लागन." ते म्हणायचे, "तू फक्त मी सांगतो तेवढं दाब. बाकीचं मी पाहतो."

आता माझं सांगते. आमच्याकडे भासऱ्यांसमोर सून बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं असेल तर मालकांना किंवा जाऊबाईंना सांगायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तरी आमचं एकमेकांशी एक वाक्य झालेलं नव्हतं. ते मला 'पोरीची माय' म्हणत, तेही दुसऱ्याशी बोलताना. घरात कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला तर ते सोयीचंच होतं.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे कामठीला गेलो. जाऊबाईंना चादरी घ्यायच्या होत्या आणि भासऱ्यांना मीटर तपासायचं होतं. जुन्या गाडीचं मीटर थोडं पुढे-मागे दाखवतं, ते आधी कळलं पाहिजे. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड बघत आम्ही दहा दगड गेलो, तर मीटरवर दहा आणि वर दोन दशांश झाले. परत येताना पुन्हा पाहिलं. तेवढेच. म्हणजे मीटरवर एकावन्न आले की खरे पन्नास झाले. भासऱ्यांनी घरी येऊन सगळे तक्ते त्याप्रमाणे बदलले.

आणि मग निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चारही टायर नवे बसवले. जुने झिजून गुळगुळीत झाले होते. घाटात ते नकोत म्हणून कामठीच्या एका दोस्ताकडून स्वतः जाऊन घेऊन आले, पाय दुखत असताना. गाडी नव्या चपला घातल्यासारखी उंच दिसत होती. जाऊबाईंनी तिला ओवाळलं.

मी गाडीत कशी गेले, ते ऐकून हसू येईल. शर्यतीचा रस्ता सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याला जाणार होता. माझं माहेर सौंसर. दीड वर्षात मी आईला भेटले नव्हते. मालक म्हणाले, "गाडी तिकडूनच चालली आहे, तर तुले उतरवून देऊ. न्यायचं मग पाहू." कुणालाही यात काही चूक दिसली नाही. रस्त्यावरचं गाव, आपली गाडी, रिकामी सीट. भावाला पत्र टाकलं की शनिवारी सकाळी स्टँडवर उभा राहा. आईसाठी वाळवलेले सरगुंडे, मुगवड्या आणि एक मऊ लुगडं अशी पिशवी भरली.

जाऊबाई म्हणाल्या, "माहेरी चालली का लढाईवर वं? दोन्ही एकाच गाडीत कसं जमन?"

मी म्हटलं, "मी सौंसरलेच उतरून जाईन."

"जाय बाप्पा. पण वड्यांच्या पिशवीवर त्यायचे पाने-हातोडे नको ठेवू देऊ."

कस्तुरचंद पार्कवर सकाळी गाड्यांची रांग होती. एकेका मिनिटाने एकेक सोडत होते. टेबलावरच्या माणसाने वाकून आत पाहिलं, कार्डावर 'तीन' लिहिलं आणि शिक्का मारला. मालक मोठ्या आनंदाने म्हणाले, "हे सौंसरले उतरणार आहे."

त्या माणसाने मान वर केली. "उतरणार म्हणजे? जितके निघाले तितकेच परत आले पाहिजेत. वाटेत माणूस कमी झाला की गाडी बाद."

आमच्या पुढे एकच गाडी राहिली होती. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भासऱ्यांकडे. मी पिशवी घेऊन दाराच्या कडीला हात घातला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "आता उतरवलं तर नवं कार्ड, आणि नंबर सगळ्यात शेवटी."

"बसू दे पोरीच्या मायले," भासरे समोर बघत म्हणाले. तेवढ्यात झेंडा पडला आणि आम्ही निघालो.

सावनेरपर्यंत मी पदर ओढून पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. अपराध्यासारखं वाटत होतं. पुढे भासरे मांडीवर तक्ता, हातात त्यांच्या वडिलांचं जुनं घड्याळ, आणि दर थोड्या वेळाने, "अर्धं मिनिट मागे आहोत गा. थोडं दाब." मालक दाबायचे. सावनेरच्या पुढे एका चिंचेखाली दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यांनी घड्याळ बघितलं आणि कार्डावर लिहिलं. एक मिनिट लवकर.

भासरे कार्डाकडे बघत राहिले. "तू जास्त दाबलं असशील."

"तू सांगितलं तेवढंच दाबलं, दादा."

"मग त्यायचं घड्याळ मागं असन."

सौंसर आलं. भाऊ सायकल घेऊन स्टँडवर उभा होता, अंगात धुतलेला सदरा. मागच्या कॅरिअरला दोरी बांधलेली, माझी पेटी न्यायला. मालकांनी गाडी हळू केली, पण थांबता येईना. मी म्हटलं, "दांडा द्या, दांडा." मालक एका हाताने खण चाचपडत होते. भासऱ्यांनी त्यांचा हात बाजूला केला, दांडा काढला आणि न वळता मागे धरला. मी काच खाली केली आणि पिशवी बाहेर दिली. भाऊ सायकल टाकून गाडीबरोबर धावला. पिशवी त्याच्या हातात गेली तेव्हा तो म्हणाला, "अवं, अन् तू?"

"आईले सांग, मले उतरता नाई येत." एवढंच म्हणता आलं. मग तो मागे राहिला.

मला रडू येत होतं आणि भासऱ्यांच्या मागे बसून रडणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी बाहेर बघून दगड मोजू लागले. तो रस्ता माझ्या ओळखीचा होता. लहानपणी मामाकडे जाताना बैलगाडीतून मी हेच दगड मोजायची. एक, दोन, तीन. आणि दगडांबरोबर मनात आपोआप दिडकी सुरू झाली, कारण कागदावर चाळीसचा वेग होता आणि चाळीसने गेलं की एका किलोमीटरला दीड मिनिट लागतं. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. आमच्या शाळेतले मास्तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळं रोज संध्याकाळी ओरडून म्हणून घ्यायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण ते सुटलं नाही. ब्लाऊजचं कापड बेततानाही माझ्या तोंडात तेच असतं.

मालकांच्या खांद्यावरून मला मीटर दिसत होतं. दहावा दगड गेला तेव्हा मीटरवर बरोबर दहा झाले होते. वरचे दोन दशांश नव्हते. मला वाटलं माझं मोजण्यात चुकलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा दहाला दहा.

कामठीला जास्त दाखवणारं मीटर इथे बरोबर कसं दाखवतं, हे मला बराच वेळ कळेना. मग शिवणाच्या मशीनवरचं रीळ आठवलं. भरलेलं रीळ एका फेरीत जास्त दोरा सोडतं. संपत आलेलं रीळ भराभर फिरतं आणि दोरा थोडाच येतो. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतं. झिजलेला टायर म्हणजे संपत आलेलं रीळ. नवा टायर म्हणजे भरलेलं. भासऱ्यांचा तक्ता जुन्या टायरांचा होता. त्यामुळे त्यांना वाटत होतं की आपण मागे आहोत, ते दाबायला सांगायचे आणि आम्ही लवकर पोचत होतो.

वर्षभर त्या माणसाने एकाच गोष्टीसाठी रात्रीचा दिवस केला होता, की मिस्त्रीला वेळेचं गणित येतं हे दिसावं. आणि चूक नेमकी त्या गणितात होती, आणि ती त्यांनी स्वतः दुखऱ्या पायाने आणलेल्या टायरांमुळे झाली होती. ते मी सांगायचं? मी, जिने त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, आणि जी वाटेत उतरायचं म्हणून गाडीत बसली होती?

सिलेवानीच्या घाटाआधी पुन्हा माणसं भेटली. दोन मिनिटं लवकर. म्हणजे सकाळपासून सहा गुण गेले होते. भासऱ्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग खिशात ठेवलं, मग पुन्हा काढलं.

छिंदवाड्याला थोडा वेळ थांबायचं होतं. भासरे सही करायला लंगडत गेले, तेव्हा मी मालकांना सगळं सांगितलं. रिळासकट. ते ऐकून बॉनेटला टेकून उभे राहिले.

"हे खरं आहे वं," ते म्हणाले. "मले काहून नाई सुचलं?"

"तुम्ही सांगा त्यायले."

"मी सांगितलं तर तो मोडूनच जाईल. टायर त्याने आणले. एवढे दिवस तक्ते केले."

"मग मी सांगू?"

"तू कशी सांगशील?"

भासरे परत येताना दिसत होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. जॅक सरकला त्या दिवशीही तो असा नव्हता. न सांगितलं तर हे तीन दिवस असेच जाणार होते, आणि शेवटी पुन्हा कुणीतरी हसून पान्याची गोष्ट काढणार होतं. सांगितलं तर निदान दोन दिवस उरत होते.

गाडी निघाली. गावाबाहेर आल्यावर मी मालकांच्या खांद्याजवळ वाकले आणि म्हटलं, "त्यायले विचारा, नवे टायर लावून आपण कामठीले गेलो होतो का?"

मालकांनी विचारायची गरज नव्हती. भासरे हातभर अंतरावर होते. तरी मालकांनी विचारलं, "दादा, नवे टायर लावून—"

"आयकू आलं मले," भासरे म्हणाले.

मग तीन दगड गेले. मी मोजले. चौथ्याच्या आधी ते म्हणाले, "गेलो नव्हतो." पाचव्याला त्यांनी मांडीवरचा तक्ता उलटा केला. आणि मग मालकांना म्हणाले, "तिले विचार, इथून दगड बरोबर जाऊन राहिले का?"

मी म्हटलं, "सौंसरपासून दहाला दहा."

मालक म्हणाले, "दादा, दहाला दहा."

"हं."

जबलपूरपर्यंत असंच चाललं. भासरे मालकांना म्हणायचे, "तिले विचार किती झाले," मी म्हणायची "अठरा, म्हणजे सत्तावीस मिनिटं," मालक म्हणायचे, "अठरा, सत्तावीस," आणि भासरे घड्याळ बघायचे. मध्येच मालक म्हणाले, "तुम्ही दोघं एका गाडीत आहा की मी तारघर उघडू?" भासरे हसले नाहीत, पण त्यांची मान थोडी सैल झाली. पुढच्या दोन्ही ठिकाणी कार्डावर काहीच कापलं गेलं नाही.

मुक्काम एका शाळेत होता. सकाळी पाहिलं तर तक्त्यांच्या वहीत पानापानांवर आडवी रेघ मारलेली. नवं काही लिहिलेलं नव्हतं. गाडीत बसल्यावर भासऱ्यांनी वडिलांचं घड्याळ मालकांच्या हातात दिलं. "तिच्यापाशी राहू दे. मी कागद वाचतो, रस्ता पाहतो. मिनिटं तिचे."

घड्याळ जड होतं आणि त्यांच्या हाताने कोमट झालेलं होतं. मी ते पदराच्या टोकात धरलं.

मंडल्याच्या पुढे जंगल, आणि मग चिल्पीचा घाट. तिथे चोवीसचा वेग. एका किलोमीटरला अडीच मिनिटं. समोरून लाकडाचे ट्रक येत होते आणि रस्ता एका गाडीपुरता. मालकांना मान वळवायला सवड नव्हती, बोलायला तर नाहीच. एका वळणावर ट्रक अडला. आम्ही थांबलो, मागे घेतली, कडेला घेतली. पुन्हा निघालो तेव्हा किती वेळ गेला ते कुणालाच कळेना. भासऱ्यांचा डावा पाय खाली दाबलेला होता. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांचे दात आवळलेले, नजर रस्त्यावर. मग भासरे मागे वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडे बघत होते. मिशीत पांढरे केस पुष्कळ होते.

"किती झाले, बाई?"

घाटात गळा आटून चालत नाही. मी म्हटलं, "सात झाले. सात अडीच साडेसतरा. घड्याळात वीस झाले. आपण अडीच मिनिटं मागे आहो."

"मग आता?"

"पुढं उतार सरळ आहे असं कागदात आहे. तिथं थोडं थोडं भरून काढू. एकदम नको, कोणी बसलं असन तर?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि मालकांना, "आयकलं का गा?"

"आयकलं," मालक दातांतून म्हणाले. "तारघर बंद झालं का?"

उतार संपता संपता एका मोहाखाली खुर्च्या होत्या. कार्डावर एक मिनिट उशीर लिहिला. उरलेल्या दोन दिवसांत तेवढाच एक गुण गेला. रायपूरला मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. भासरे दर दहा दगडांनी विचारायचे आणि मी सांगायची. मध्ये एकदा त्यांनी न विचारताच मी सांगून टाकलं आणि मलाच लाज वाटली. ते म्हणाले, "हो, मी विचारणारच होतो."

नागपूरला पार्कवर सगळ्या गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा आमची सगळ्यात मळकी होती. नाव पुकारलं. दुसरा नंबर. पहिल्या गाडीचे आमच्याहून दोनच गुण कमी कापले होते. मालक मला हळूच म्हणाले, "पहिल्या सकाळचे सहा गेले नसते तर..." भासऱ्यांनी ऐकलं असावं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून नाही, ते आहेच म्हणून.

पान्याची गोष्ट करणारे साहेब अकरावे आले होते. ते मोकळ्या मनाने आले, हात मिळवला. "मिस्त्री, कमाल केली. हिशोब कुणी करून दिला? कॉलेजातलं कुणी धरलं होतं काय?"

मी गाडीच्या पलीकडे उभी होते. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला आणि मान हलवून नको म्हटलं. सगळी माणसं, सगळे साहेब. माझं नाव निघालं असतं तर मी गाडीखाली शिरले असते.

"हिशोब घरचाच होता, साहेब," भासरे म्हणाले.

"म्हणजे तुमचाच की."

"नाही. माझा पहिल्याच दिवशी चुकला. नवे टायर लावले अन् मीटर जुनंच धरलं."

साहेब बुचकळ्यात पडले. "मग कुणाचा?"

"सांगितलं ना. घरचा."

ज्या गोष्टीसाठी वर्षभर झटले, ती त्या साहेबांच्या तोंडून त्यांना आयती मिळत होती. नुसतं हो म्हणायचं होतं, आणि मीही नकोच म्हटलं होतं. तरी त्यांनी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. मला दुसऱ्या नंबरचा कप मिळाल्यापेक्षा जास्त तेच आठवतं. कप जाऊबाईंनी बरीच वर्षं डाळीच्या डब्यांशेजारी ठेवला होता. घरी गेल्यावर त्यांना मात्र भासऱ्यांनी सगळं सांगितलं, घाटासकट. जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नऊ वर्षं मले निरोप्या बनवलं, अन् तुले बोलता येत होतं व्हय?"

पुढच्या आठवड्यात मला सौंसरला सोडायला तीच गाडी निघाली. मालक चालवत होते, भासरे डाव्या बाजूला. त्यांना यायचं काही कारण नव्हतं. शेड बंद ठेवून आले होते. आईने त्यांना पाट दिला, चहा दिला. कप हातात घेऊन ते आईला म्हणाले, "मामी, पोरीले चौथीच्या पुढं काहून नाही शिकवलं?"

आई म्हणाली, "पुढं पोरींची शाळाच नव्हती बापा. मास्तर येऊन गेले दोनदा, छिंदवाड्याले पाठवा म्हणून. एकट्या पोरीले कुठी पाठवावं?"

मला हे माहीत नव्हतं. मास्तर दोनदा येऊन गेले होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. भासऱ्यांनी चहा संपवला.

आठ दिवसांनी दोघे मला न्यायला आले. शर्यत नव्हती, घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. वाटेत मोसंबीच्या बागांना पाणी दिलेलं होतं, वास येत होता. मी खणातला दांडा मागितला आणि काच खाली केली. मग भासरे समोर बघतच म्हणाले, "किती झाले, बाई?"

मी दगड मोजतच होते. सांगितलं.